ठिपक्याने मोजलेली रेषा

एकोणिसाव्या शतकात डभोईच्या बाजारात कापूस विकून शेतकरी जो रुपया कनवटीला लावून घरी जाई, तो बडोद्याच्या टांकसाळीतला बाबाशाही रुपया असे. राजा मराठी, दरबार मराठी, हिशेब मोडीत; पण रुपयावरची अक्षरं फारशी. आधी त्यावर दिल्लीच्या बादशहाचं नाव असे. १८५७ नंतर तिथे गायकवाडांचा ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ हा किताब आला. हातोड्याने पाडलेल्या या रुपयांवर देवनागरीला जागा मिळे ती फक्त राजाच्या नावाच्या आद्याक्षरापुरती. टांकसाळीतला ठसा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे हातोड्याचा घाव बसला की मजकुराचा एक तुकडा नाण्यावर उमटायचा आणि उरलेला काठाबाहेर जायचा. फारशी जाणणाऱ्यालाही तो मजकूर पुरता वाचता येत नसे. तरी रुपया चालत होता, कारण देणारा-घेणारा त्या अक्षरांचं वळण डोळ्यांनी ओळखत होता.

अक्षर आधी दिसतं, मग वाचलं जातं. विसाव्या शतकात बगदाद, तेहरान, खार्टूम, ट्यूनिस आणि कराचीतल्या चित्रकारांनी नेमकं या दोन क्षणांमधल्या अंतरावर बोट ठेवलं आणि हजार वर्षं जुन्या अरबी लिपीतून एक आख्खी आधुनिक चित्रकला उभी केली. तिच्याशी नातं सांगणारी एक विलक्षण चित्रभाषा डभोईपासून तीसेक किलोमीटरवर, वडोदऱ्यात, म्हणजे त्याच बडोद्यात, घडली. तिच्याकडे जायचं तर वाट बगदादवरून आहे.

पण निघण्याआधी डभोईकडे एकदा पाहू. डभोई म्हणजे जुनी दर्भावती. मराठी माणसाला हे नाव १७३१ मुळे ठाऊक असतं: याच परिसरात थोरल्या बाजीरावांनी सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला आणि त्या लढाईत दाभाडे पडले. पण त्याच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधीच हे गाव अक्षरांसाठी दगड घडवत होतं. वाघेला राजा विसलदेवाच्या काळातली, सोमेश्वर कवीने रचलेली इथली संस्कृत प्रशस्ती विक्रम संवत १३११ ची, म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यातली. गावाच्या पूर्वेचा हिरा भागोळ दरवाजा त्यावरच्या कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. १८८८ मध्ये जेम्स बर्जेस आणि हेन्री कझन्स यांनी डभोईच्या पुरावास्तूंवर स्वतंत्र ग्रंथच काढला. दगडात संस्कृत, वहीत मोडी, चांदीवर फारशी: एकाच गावात अक्षराने इतकी रूपं घेतली होती.

आता बगदाद. दहाव्या शतकात तिथे इब्न मुक्ला नावाचा वजीर होता. अब्बासी खलिफांच्या दरबारात तो तीनदा वजीर झाला आणि तिन्ही वेळा पायउतार झाला. शेवटी त्याचा उजवा हात तोडण्यात आला आणि ९४० मध्ये तो कैदेत मेला. तुटलेल्या हाताला लेखणी बांधून तो लिहीत राहिला, असं सांगतात. त्याच्या नावावर जी गोष्ट जमा आहे ती राजकारणातली नाही, भूमितीतली आहे. त्याने अक्षरांना माप दिलं, आणि ते माप बाहेरून आणलं नाही. बोरूचं रुंद टोक कागदावर तिरकं टेकवून किंचित ओढलं की कोनावर उभा राहिलेला एक चौकोनी ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे एकक. असे ठिपके एकावर एक रचले की अलिफची, म्हणजे वर्णमालेतल्या पहिल्या उभ्या रेषेची, उंची ठरते. नस्ख शैलीत साधारण पाच, सुलुस शैलीत सात. ती उंची व्यास मानून वर्तुळ काढायचं. बाकीच्या अक्षरांचे उभार, पोटं आणि शेपट्या या रेषेच्या आणि वर्तुळाच्या हिशेबात बसवायच्या.

यातली गंमत अशी की लेखणी जाड घेतली की ठिपका मोठा होतो आणि त्याबरोबर सगळी वर्णमाला त्याच प्रमाणात वाढते. नखाएवढ्या कुराणाला आणि मशिदीच्या घुमटाला नियम तोच. फूटपट्टी वेगळी बाळगायला नको. ती लेखणीच्या टोकातच आहे. माणसाने शोधलेल्या इतक्या साध्या आणि इतक्या दूर पोचलेल्या युक्त्या मला फार थोड्या ठाऊक आहेत.

पुढे तेराव्या शतकात याकूत अल-मुस्तसिमी या बगदादच्याच सुलेखनकाराने बोरूचं टोक सरळ न कापता तिरकं कापायला सुरुवात केली. एका कापाने रेषेत जाड-बारीक असा श्वास आला. १२५८ मध्ये मंगोल बगदाद लुटत असताना तो एका मिनारात बसून, कागद नव्हता म्हणून कापडावर अक्षरं गिरवत होता, अशी कथा आहे. ती खरी असो नसो, सुलेखनकारांनी सातशे वर्षं ती जपली हे महत्त्वाचं.

ही लिपी चित्रकारांच्या हाताला का मानवली? देवनागरीत शिरोरेषा असते. ती अक्षरांना एका पातळीत धरून ठेवते आणि आपल्या सुलेखनकारांना आधी तिच्याशी झगडावं लागतं. अच्युत पालवांनी मोडीच्या अभ्यासातून मुक्त अक्षराची वाट काढली ती याच झगड्यातून. अरबीत अशी छत धरणारी रेषा नाही. अठ्ठावीस अक्षरांपैकी सहा सोडून बाकी सगळी पुढच्या अक्षराचा हात धरतात, आणि शब्दात सुरुवातीला, मध्ये, शेवटी की एकटं आहे यावर प्रत्येकाचं रूप बदलतं. त्यातून दोन अक्षरांमधला आडवा दुवा हवा तितका लांबवता येतो. याला कशीदा म्हणतात. गायक एका स्वरावर थांबून तो लांबवतो तसा लिहिणारा एका दुव्यावर थांबतो, आणि शब्द तोच राहून ओळीचा तोल बदलतो. शब्द एकमेकांवर रचता येतात, उलटे करता येतात, आरशातल्यासारखे समोरासमोर ठेवता येतात.

आपल्या दख्खनने हे सामर्थ्य फार लवकर ओळखलं होतं. आदिलशाही काळात अक्षरांच्या वळणांतून घोडे, हत्ती, सिंह घडवणारी सुलेखनं इथे झाली. विजापूरला इब्राहिम रौझ्यात जा. दुसरा इब्राहिम आदिलशहा १६२७ मध्ये वारला, त्याचा हा मकबरा. तिथल्या खिडक्यांत नेहमीची जाळी नाही. दगडात कोरलेली अरबी अक्षरंच जाळी झाली आहेत. अक्षरांमधल्या फटींतून उजेड आत येतो. हवा आणि प्रकाश यांना मजकुरातून वाट देणारी ही वास्तू सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि आपण तिला गोल घुमटानंतर उरलेल्या वेळात उरकतो.

हत्यारांबद्दल सांगायलाच हवं, कारण ही कला हत्यारांत राहते. बोरू वाळवून, सोलून, टोकाला चीर पाडून घ्यायचा. शाई काजळीची, बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात खललेली. दौतीत रेशमाचा गुंता ठेवतात, म्हणजे बोरू बुडवला तरी शाई हवी तेवढीच लागते. कागद खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटलेला, म्हणजे लेखणी अडत नाही आणि चूक ओल्या बोटाने पुसता येते. असा कागद आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं बनत आला. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत वास्तुकार सिनानने हवेचा प्रवाह असा खेळवला की शेकडो दिव्यांची काजळी एका लहानशा खोलीत जमावी आणि तिची शाई व्हावी. आयुष्यभर बोरू तासून निघालेला भुसा सुलेखनकार जपून ठेवत आणि त्यांच्या अंत्यस्नानाचं पाणी त्याच भुशावर तापवत, असंही तिथे सांगतात.

इराणमध्ये आणखी एक प्रथा होती. सराव करताना कागद वाचवायचा म्हणून एकाच पानावर अक्षरावर अक्षर, उलटं-सुलटं, पान काळं होईपर्यंत लिहीत. याला सियाह मश्क म्हणत. हळूहळू लोकांना हे सरावाचे कागदच इतके आवडू लागले की ते मुद्दाम करून, सोनेरी चौकटीत बसवून संग्रही ठेवले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकातल्या अशा पानांवर एकच अक्षर लाटांसारखं पुन्हा पुन्हा येतं. वाचण्यासारखं काही उरलेलं नसतं. युरोपात अमूर्त चित्रकला जन्मायच्या आधीची ही पानं आहेत. पाश्चात्त्य आधुनिकता पूर्वेकडे आली आणि मग इथले लोक अमूर्त रंगवू लागले, हा हिशेब या पानांपुढे टिकत नाही.

विसाव्या शतकाचा मध्य आला. वसाहती संपत होत्या, नवी राष्ट्रं उभी राहत होती आणि लंडन-पॅरिसला शिकून आलेल्या चित्रकारांना प्रश्न पडला होता की आपलं म्हणावं असं काय रंगवायचं. मदीहा उमर या इराकी चित्रकर्तीने १९४९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अरबी अक्षरांवर आधारलेली अमूर्त चित्रं मांडली. या प्रवाहाची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. बगदादला शाकिर हसन अल-सईद यांनी १९७१ मध्ये ‘एकमिती’ नावाचा गट केला. भिंतीवरचे ओरखडे, पुसट खुणा, एखादंच अक्षर यांतून ते चित्र करत. अरबी समीक्षेत या सगळ्याला हुरूफिय्या, अक्षरवाद, असं नाव पडलं.

सुदानच्या इब्राहिम अल-सलाही यांची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. लंडनला शिकून ते १९५७ मध्ये मायदेशी परतले आणि खार्टूममध्ये प्रदर्शनं भरवली. लोक उद्‌घाटनाला आले, पुन्हा फिरकले नाहीत. आपण कुणाच्या घरासाठी रंगवतो आहोत हे कळावं म्हणून ते देशभर हिंडले. सामान्य माणसाच्या घरात काय लावलेलं असतं? अक्षरं आणि नक्षी. मग त्यांनी अक्षरं फोडायला घेतली, आणि फुटलेल्या अक्षरांतून प्राणी, मुखवटे, माणसं बाहेर पडली. यात एक गोष्ट विसरू नये: त्यांचे वडील कुराणशाळा चालवत आणि अल-सलाही लहानपणी तिथेच अक्षर गिरवायला शिकले होते. जो नियम हातात मुरलेला होता तोच त्यांनी मोडला.

कारण वाद इथेच आहे. परंपरेतला सुलेखनकार वर्षानुवर्षं गुरूपुढे बसतो आणि इजाजत मिळाल्यावरच कामाखाली आपलं नाव लिहितो. त्याला अनेक आधुनिक चित्रं ढिली वाटतात. अक्षर घेतलं पण माप घेतलं नाही, असं तो म्हणतो. चित्रकार म्हणतो, मला पवित्र मजकूर सजवायचा नाही, मला रेषा हवी आहे. माझा कल स्पष्ट आहे. इजाजत नसली तरी चालेल, पण माप हाताला ठाऊक असावं लागतं. कॅनव्हासवर चार अरबी वळणं आणि सोनेरी वर्ख लावून दिवाणखान्यासाठी विकली जाणारी चित्रं आज खूप आहेत; त्यांत डोळा थांबत नाही, कारण त्या वळणांना कोणताच ठिपका मोजत नसतो.

आणि आता एक योगायोग, ज्याने मी खरोखर चकित झालो. इराणचे हुसेन झेंदेरूदी, ज्यांनी ताईत, आकडे आणि अक्षरं यांनी कॅनव्हास भरून टाकले, त्यांचा जन्म १९३७ चा. त्यांचे सहकारी फरामर्झ पिलाराम १९३७ चे. ‘हीच’, म्हणजे ‘काही नाही’, या एका फारशी शब्दाला १९६५ पासून शिल्पात उभं करणारे परविझ तनावोली १९३७ चे. कोणताच अर्थ नसलेली अरबी वळणं रचणारे ट्यूनिसियाचे न्जा महदावी १९३७ चे. अलीगढला जन्मलेल्या मुद्राचित्रकार झरीना १९३७ च्या. आणि कराचीला जन्मलेल्या, पुढे वडोदऱ्याच्या झालेल्या नसरीन मोहम्मदी, त्याही १९३७ च्या. एका वर्षाने रेषेला इतकं दिलं.

नसरीन यांचं शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये झालं. मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना वासुदेव गायतोंडे भेटले. नागपूरला जन्मलेल्या या गोमंतकीय चित्रकाराच्या नंतरच्या चित्रांतही, रंगाच्या खोल पडद्यावर, कुठल्याच लिपीतली नसलेली चिन्हं तरंगतात. १९७२ पासून नसरीन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकवू लागल्या. १९५० मध्ये सुरू झालेल्या या विभागाला नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारख्यांनी आकार दिला होता आणि गुलाममोहम्मद शेख तिथेच शिकवत होते. शेखही १९३७ चेच.

वडोदऱ्यात नसरीन ड्रॉइंग बोर्ड आणि आरेखकाचं रुलिंग पेन घेऊन बसत आणि शाई-पेन्सिलने रेषा ओढत. रंग नाही, विषय नाही, बहुतेक चित्रांना शीर्षक, तारीख, सही काहीच नाही. आधी आडव्या-उभ्या रेषांची विणावट, मग तिरप्या रेषा, शेवटी मोकळ्या कागदावर तरंगणारी एखादी कमान. त्या फतेहपूर सिक्रीचे, वाळवंटाचे, रस्त्यांवरच्या पट्ट्यांचे फोटो काढत. त्यांच्या रोजनिश्या तर पाहण्यासारख्या आहेत. छापील डायरीत लिहिलेल्या ओळी त्यांनी अनेक ठिकाणी शाईने भरून टाकल्या. मजकुराच्या जागी काळ्या पट्ट्या उरल्या आणि पानाचं चित्र झालं. लिहिलेलं दिसतं, पण आता वाचता येत नाही.

नसरीन यांना मी सुलेखनकार म्हणणार नाही. त्यांच्या चित्रात एकही अक्षर नाही. पण अरबी लिपीतून अर्थ काढून घेतला, मग शब्द काढले, मग अक्षरंही काढली, तर काय उरतं? उभी रेषा, कमान, दोन रेषांमधलं मोजलेलं अंतर आणि रेषा ओढताना धरलेला श्वास. नसरीन यांच्या कागदावर हेच उरलं आहे. शेवटच्या वर्षांत त्यांना मज्जासंस्थेचा आजार होता, शरीराच्या हालचाली ताब्यात राहत नव्हत्या, आणि त्याच काळातल्या त्यांच्या रेषा केसभरही हललेल्या नाहीत. १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला त्या गेल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपली मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत नसरीन यांचं प्रदर्शन होतं.

झरीना यांनी उलटी वाट धरली. त्यांनी शब्द सोडला नाही. १९९९ मधल्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या छत्तीस काष्ठमुद्रांच्या मालिकेत घर, उंबरठा, अंगण अशा एकेका गोष्टीसाठी चार-दोन रेषांचं चित्र आणि खाली नस्तालीक वळणातला उर्दू शब्द आहे. ते शब्द त्यांनी पाकिस्तानातल्या एका व्यावसायिक सुलेखनकाराकडून लिहून आणले. फाळणीने बहिणीला पलीकडे नेलं होतं, आणि अक्षरंही पलीकडून यावी लागली.

तो सुलेखनकार ज्या पेशातला, तो पेशा मात्र आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ संपला. उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून नूरी नस्तालीक हा टंक तयार झाला. त्यासाठी त्यांना अक्षरांचे हजारो जोड वेगवेगळे लिहावे लागले, कारण नस्तालीकमध्ये शब्द तिरका उतरतो. पुढे संगणक आला आणि भेंडीबाजारापासून लाहोरपर्यंत कातिबांची गरज सरली. लेखणी रोजच्या कामातून सुटली ती भिंतीवर आणि चौकटीत गेली. ट्यूनिसियन वंशाचा फ्रेंच कलावंत एल सीड याने २०१६ मध्ये कैरोच्या मनशियत नासेर या कचरा वेचणाऱ्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या वस्तीत सुमारे पन्नास इमारतींवर मिळून एकच अरबी वर्तुळाकार रचना रंगवली. वचन अलेक्झांड्रियाच्या संत अथानेशियसचं. गल्लीतून पाहिलं तर प्रत्येक भिंतीवर रंगाचा एक पट्टा दिसतो. सगळं जुळून यायला मुकत्तमच्या टेकडीवर चढावं लागतं.

हे सगळं वाचून होत नाही, हाताने करावं लागतं. स्टेशनरीच्या दुकानात बोरू किंवा रुंद टोकाचं कॅलिग्राफी पेन मिळतं. टोक कागदावर तिरकं टेकवून एक ठिपका काढा. कोनाला कोन लावून त्यावर दुसरा, असे सात. मग त्यांच्या शेजारी, त्याच उंचीची, एका दमात, वरून खाली एकच रेषा ओढा. लिपी येण्याची गरज नाही. पहिल्या खेपेला रेषा डगमगेल. तरी घरातल्या मुलांना घेऊन एकदा हे कराच, आणि मग नसरीन मोहम्मदींचं एखादं रेखाचित्र शोधून त्याच्यासमोर बसा.